ज्वारीच्या ताटांतील रसायन

प्रस्तुत मासिकाच्या वाचकांत ज्वारीचें पीक ठाऊक नाहीं असा खातेदार विरळाच. पेरणी कोणत्या नक्षत्रावर साधावी, पाभरीचे फण किती अंतरावर ठेवावे, कडब्याची पेंढी कशी बांधावी, हें सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. तें वाचकांस आमच्याहून अधिक कळतें. परंतु ज्वारीचें ताट मुळांत कशाचें झालें आहे, त्याच्या शेंड्यावरील दाणा मनुष्यानें खावा, धाट बैलानें खावें, आणि तेंच ताट कोवळें असतां त्याच बैलाच्या जिवावर उठावें, असें कां होतें, याचा विचार बांधावर बसून फारसा होत नाहीं. हा विचार केवळ विद्वानांचा नव्हे. पाऊस ओढ देतो त्या सालीं कोवळ्या ज्वारीनें जनावरें दगावतात, आणि मग कोणी भाऊबंदावर विष घातल्याचा संशय घेतो, कोणी देवऋषी गांठतो. दुसरीकडे, घरची तूर झाडून विकून मुलांस वर्षभर नुसत्या भाकरीवर वाढविणारीं कुटुंबें आहेत. कणग्या भरलेल्या असून मुलें मात्र हडकुळीं राहतात. या दोन्ही गोष्टींचें मूळ ताटाच्या सूक्ष्म घडणींत आहे. ती घडण, रसायनशास्त्र न शिकलेल्या गृहस्थासहि समजेल अशा रीतीनें, येथें मांडण्याचा विचार आहे.

ओल्या वैरणीचा १०० किलोंचा भारा कडकडीत वाळविला तर ७५ ते ८० किलो वजन निव्वळ पाण्याचें होतें असें दिसून येईल. उरलेलें वाळकें धाट जाळलें तर त्याच्याहि शंभर भागांपैकीं नव्वदांहून अधिक भाग धूर, वाफ व अदृश्य वायु होऊन निघून जातात आणि हातीं थोडी राख राहते. पालाश, स्फुरद, चुना, मॅग्नेशियम, लोह वगैरे जमिनींतून आलेलीं द्रव्यें बहुतेक त्या राखेंत सांपडतात. मग जें जळून गेलें तें आलें कोठून?

हाच प्रश्न ब्रुसेल्स येथील व्हॅन हेल्माँट नांवाच्या वैद्यास पडला होता. त्यानें २०० पौंड वाळविलेली माती कुंडींत भरून तींत विलो जातीचें, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळांतील, ५ पौंड वजनाचें रोप लाविलें व त्यास पांच वर्षें केवळ पाणी घातलें. पांच वर्षांनीं झाड सुमारें १६९ पौंड भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली तेव्हां ती अवघी दोन औंस कमी भरली. हा वृत्तांत त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेंच बनतें असा त्यानें निष्कर्ष काढिला. तोल बरोबर होता, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर होता. कारण पानें हवेंतूनहि कांहीं घेतात हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. कर्ब व प्राणवायु मिळून झालेला कार्बन डायऑक्साइड वायु हवेच्या दहा हजार भागांत आज चार भागांहून किंचित् अधिक आहे. एवढ्या विरळ वायूंतून पान कर्ब वेंचून घेतें, आणि वाळलेल्या धाटाच्या १०० भागांत ४० ते ४५ भाग हा कर्बच असतो. जवळजवळ तितकाच प्राणवायु, सहा भाग हायड्रोजन, एक-दीड भाग नत्र आणि बाकी राख, असा हा हिशेब आहे. शेतसाऱ्याची आकारणी पूर्वापार जमिनीच्या प्रतवारीवर होत आली. हवेवर आकारणी बसविण्याचें आमच्या खात्यास सुचलें नाहीं, हें शेतकऱ्याचें भाग्यच म्हणावयाचें, कारण मालाचें बहुतेक वजन तेथून व पाण्यांतून येतें.

आतां अणु व रेणु हे दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. कर्ब, नत्र, प्राणवायु, हायड्रोजन हीं मूलद्रव्यें. मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणु, आणि अनेक अणु एकमेकांस जखडून जो एक कण होतो तो रेणु. प्रत्येक अणूस धरण्यासाठीं ठरलेले हात असतात असें समजावें : हायड्रोजनास एक, प्राणवायूस दोन, नत्रास बहुधा तीन आणि कर्बास चार. चार हातांमुळें कर्बाचे अणु एकमेकांचे हात धरून लांब सांखळ्या, फांट्या आणि कडीं करूं शकतात, आणि उरलेल्या हातांनीं इतरांस धरूं शकतात. सजीवाच्या शरीरांतील झाडून सारी इमारत या चार हातांच्या जोरावर उभी आहे. त्याच अणूंची जोडणी बदलली कीं वस्तु बदलते. साखरेची लांकूड होते, अन्नाचें विष होतें. पुढील सर्व विवेचनाचें सार एवढ्याच गोष्टींत आहे.

ही जोडणी जेथें चालते त्या जागेस पेशी म्हणतात. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून त्यांत मधमाशांच्या पोळ्यासारख्या खोल्या पाहिल्या, तेव्हांपासून हें नांव चाललें. ज्वारीचें पान, बैलाचें आंचू किंवा मनुष्याचें रक्त, कांहींहि घेतलें तरी तें पेशींचेंच आहे. पेशींत सर्वांत अधिक पाणी. तें वगळतां उरलेल्या मालाचीं मुख्य कुळें चार आहेत : शर्करा व तिचीं अपत्यें, स्निग्ध पदार्थ, प्रथिनें, आणि बीजाचा लेख ज्यांत असतो तीं न्यूक्लिक आम्लें.

पहिलें कूळ घेऊं. पान सूर्यप्रकाशाच्या बळानें पाणी फोडतें, त्यांतला प्राणवायु हवेंत सोडून देतें आणि हायड्रोजन कर्बवायूस जोडून शर्करा करतें. पानास हिरवा रंग देणारें जें हरितद्रव्य हें काम करतें त्याच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असून त्यास चार बाजूंनीं नत्राच्या चार अणूंनीं धरलेलें असतें. आपल्या रक्तांतील लाल द्रव्याची बैठक जवळजवळ अशीच आहे, मात्र मध्यें मॅग्नेशियमच्या जागीं लोहाचा अणु असतो. हें लोह वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. विषाच्या प्रकरणीं त्याचें काम पडणार आहे.

शर्करांमध्यें पायाची ती ग्लुकोज, म्हणजे द्राक्षशर्करा. तिच्या एका रेणूंत कर्बाचे ६, हायड्रोजनाचे १२ व प्राणवायूचे ६ अणु असतात. ती पाण्यांत विरघळते, म्हणून पानांतून कणसाकडे न्यावयास सोयीची. पेशी तिची दुसऱ्या एका शर्करेशीं जोडी लावून आपल्या नेहमींच्या साखरेच्या रूपानें ती ताटांतून वाहून नेते. कोवळें धाट चघळलें असतां गोड लागतें तें यामुळें. कणसाच्या दाण्यांत पोंचल्यावर मात्र दाण्याच्या पेशी ग्लुकोजचे शेंकडों हजारों रेणु एकापुढें एक ओंवून त्यांचें पिष्ट करतात. पिष्ट थंड पाण्यांत विरघळत नाहीं. तें सांठविण्याचें द्रव्य आहे. हुरडा गोड कां आणि तेंच कणीस पंधरा दिवसांनीं पिठूळ कां, याचें उत्तर येथें आहे : हुरड्याच्या दिवसांत पुष्कळशी शर्करा अजून सुटी असते, पुढें ती ओंवली जाते. भाकरीसाठीं आधण आलेलें पाणी घेण्याची आपल्या घरांतील बायकांची रीतहि याच गोष्टीवर आहे. गव्हांत चिकटपणा आणणारें जें ग्लुटेन नांवाचें प्रथिन असतें तें ज्वारींत नाहीं. म्हणून गरम पाण्यानें पिष्टाचे कण फुगवून त्यांचीच चिकी करून घ्यावी लागते, तेव्हां भाकरी थापतां येते.

आतां धाट पहा. धाटाचा ताठपणा सेल्युलोज नामक काष्ठद्रव्यामुळें आहे. हें सेल्युलोज कशाचें? त्याच ग्लुकोजचें! रेणु तोच, त्यांतील अणूंची संख्या तीच. फरक एवढाच कीं पिष्टांत सर्व कड्या एका बाजूनें ओंविलेल्या असतात व सेल्युलोजांत प्रत्येक दुसरी कडी उलटी फिरवून जोडलेली असते. त्यामुळें पिष्टाची सांखळी सैल वेटोळीं घेते आणि सेल्युलोजची सरळ राहून शेजारच्या सांखळ्यांशीं घट्ट बिलगते. पहिल्याचें अन्न झालें, दुसऱ्याचा दोर झाला. मनुष्याच्या लाळेंत व आंतड्यांत पिष्टाचा सांधा सोडविणारीं विकरें आहेत. भाकरीचा घांस पुष्कळ वेळ चावला तर तो गोड लागूं लागतो, कारण सांधे तोंडांतच सुटूं लागतात. सेल्युलोजचा उलटा सांधा सोडविणारें विकर आपल्या शरीरांत नाहीं. बैलाच्याहि शरीरांत तें नाहीं. परंतु बैलाच्या पहिल्या मोठ्या पोटांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्तीस असतात व तें काम ते करतात. बैल त्यांस चारा, ऊब व रवंथ पुरवितो आणि त्यांच्या कमाईवर जगतो. कडबा फार जून झाला म्हणजे सेल्युलोजभोंवतीं लिग्निन नांवाच्या द्रव्याचा लेप चढतो व त्यापुढें जंतूंचेंहि फारसें चालत नाहीं. कुट्टी करून घातल्यानें जनावर निवडून टाकून देत नाहीं, नासाडी वांचते. पण लेप कांहीं कुट्टीनें जात नाहीं.

दाणा सांठविल्यावरहि जिवंत असतो, हें येथेंच सांगितलें पाहिजे. तो हळूहळू आपलें पिष्ट सोडवून प्राणवायूनें जाळतो व त्यांतून कर्बवायु, पाणी आणि उष्णता निघते. दाण्यांत ओल बारा टक्क्यांच्या आंत असेल तर ही क्रिया नाममात्र चालते. ओल अधिक असली तर उष्णतेनें व नव्या पाण्यानें ती स्वतःच वाढत जाते आणि रास तापते. पेवांत तर प्राणवायु संपून कर्बवायु कोंडून राहतो. पेव उघडल्याबरोबर मनुष्य आंत उतरविल्यानें मरण ओढवतें तें याच वायूमुळें. पेव पुष्कळ वेळ उघडें ठेवून मगच आंत जाण्याची वडिलांची रीत सोडूं नये.

स्निग्ध पदार्थांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. कर्बाच्या सोळा-अठरा अणूंच्या लांब शेंपट्या, त्यांस बहुतेक हायड्रोजनच चिकटलेला, आणि अशा तीन शेंपट्या एका मुठींत धरलेल्या, असें तेलाच्या रेणूचें रूप आहे. शेंपटीस मध्येंच बांक असला तर रेणु एकमेकांवर नीट रचले जात नाहींत व पदार्थ पातळ राहतो, जसें करडईचें तेल. बांक कमी असले तर थंडींत थिजतो, जसें तूप. ज्वारीच्या दाण्यांत तेल शेंकडा दोन-तीन भागच असून तें बहुतेक कोंबाच्या जागीं असतें. परंतु याच कुळांतील एक शाखा फार महत्त्वाची आहे. तिच्या रेणूस शेंपट्या दोनच असून तिसऱ्या जागीं स्फुरदाचा गट असतो. शेंपट्या पाण्यास भितात, स्फुरदाचें डोकें पाण्यास धरून राहतें. त्यामुळें असे रेणु पाण्यांत आपोआप दुहेरी रांगेनें उभे राहून पातळ पडदा करतात. प्रत्येक पेशीची व पेशीच्या आंतील प्रत्येक कप्प्याची भिंत या पडद्याची आहे. पडदा शाबूत आहे तोंवर एका कप्प्यांतील द्रव्य दुसऱ्या कप्प्यांत जात नाहीं. पान चावलें, तुडविलें कीं पडदे फाटतात.

तिसरें कूळ प्रथिनांचें. येथें नत्राचा प्रवेश होतो, आणि शेतकऱ्याचा पैसाहि येथेंच खर्च होतो. मूळ जमिनींतून नत्र बहुधा नायट्रेटच्या रूपानें घेतें. पेशी त्याचा अमोनिया करते आणि शर्करेपासून काढलेल्या कर्बाच्या सांगाड्यास तो जोडून अमिनो आम्ल तयार करते. अशीं वीस प्रकारचीं अमिनो आम्लें ठरलेल्या क्रमानें ओंवलीं म्हणजे प्रथिनाचा धागा होतो, आणि धागा आपल्याच ओढीनें दुमडून विशिष्ट आकार घेतो. स्नायु, केस, शिंग, दुधांतील केसीन, वर सांगितलेलीं विकरें, हीं सर्व प्रथिनेंच. प्रथिनाच्या वजनांत नत्र सुमारें १६ टक्के असतें. ज्वारीच्या दाण्यांत प्रथिन शेंकडा दहाच्या आसपास धरलें तर दहा क्विंटल ज्वारींतून १०० किलो प्रथिन, म्हणजे १६ किलो नत्र शेताबाहेर गेलें, कडब्यांतलें वेगळें. यूरियांत ४६ टक्के नत्र असतें, तेव्हां ४५ किलोंच्या गोणींत तें २०.७ किलो झालें. हा हिशेब प्रत्येकानें आपल्या खतावणींत मांडून पाहण्याजोगा आहे.

या यूरियाची कुळकथा मोठी गमतीची आहे. तो मूत्रांत असतो हें पूर्वींपासून माहीत होतें, आणि सजीवांतील असे पदार्थ जीवनशक्तीवांचून कोणास करतां यावयाचे नाहींत अशी विद्वानांची समजूत होती. १८२८ सालीं जर्मनीचे फ्रीड्रिश व्होलर यांनीं अमोनियम सायनेट नांवाच्या क्षारापासून तो बाटलींत तयार केला. अणु दोन्हींत तेच व तितकेच; जोडणी तेवढी फिरली. त्या दिवसापासून जिवंत शरीराचें रसायन आणि दगडमातीचें रसायन यांमधील भिंत ढांसळूं लागली, आणि आज तेंच द्रव्य कारखान्यांतून गोण्यांनीं बांधावर येतें. तथापि गोणींतील नत्र म्हणजे प्रथिन नव्हे. त्यास कर्बाचा सांगाडा पिकानें स्वतः द्यावयाचा असतो, आणि सांगाडा उन्हापाण्यावर होतो. पाण्यावांचून उभ्या पिकास अधिक यूरिया टाकणें म्हणजे खांब-तुळया नसतां खिळ्यांच्या पेट्या आणून ठेवणें होय.

मनुष्याच्या शरीरास वीसपैकीं नऊ अमिनो आम्लें स्वतः करतां येत नाहींत. तीं आहारांतूनच यावीं लागतात. त्यांपैकीं लायसिन नांवाचें एक ज्वारीच्या प्रथिनांत फार कमी असतें. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसास दिवसाला सुमारें १.८ ग्रॅम लायसिन लागतें असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चारशें ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तर ४० ग्रॅम प्रथिन पोटांत जातें, पण लायसिन अवघें ०.९ ग्रॅमच्या आसपास. पचनांतील तूट आणखी निराळी. ठरलेल्या नक्षीची माळ ओंवतांना एका रंगाचे मणी संपले कीं बाकीचे मणी ढीगभर असले तरी माळ तेथेंच थांबते. तसें शरीराचें होतें. न वापरलेलीं अमिनो आम्लें शरीर इंधन म्हणून जाळून टाकतें व त्यांतील नत्र, काय आश्चर्य, यूरिया होऊन मूत्रावाटे निघून जातें. म्हणजे चांगल्या जमिनींत खत घालून पिकविलेलें प्रथिन घरांत येऊन वाया गेलें. वाढत्या मुलास तर वजनाच्या मानानें लायसिन प्रौढाहून अधिक लागतें, त्यामुळें तूट त्यासच आधीं बाधते.

तुरीच्या डाळींत प्रथिन शेंकडा बावीसच्या आसपास असून त्यांत लायसिन भरपूर आहे. ७५ ग्रॅम डाळींतून सुमारें १.१ ग्रॅम मिळतें. उलट गंधक असलेलीं मेथिओनिनसारखीं अमिनो आम्लें डाळींत कमी व ज्वारींत त्या मानानें बरीं असतात. ज्वारीच्या ओळींत तुरीचें पाटें घालणाऱ्या आपल्या पूर्वजांस लायसिन हें नांव ठाऊक नव्हतें, पण भाकरी आणि वरण यांची जोड त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें बसविली होती. तीन-चार भाग धान्यास एक भाग डाळ हें प्रमाण ठेवावें. हरभरा, मूग, मटकी, हुलगा, दूध यांपैकीं कांहींहि चालतें. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक खरी, परंतु लायसिनच्या बाबतींत ती डाळीची बरोबरी करीत नाहीं, हें पुष्कळांस माहीत नसतें. तुरीस भाव चांगला आला म्हणजे शेवटचें पोतेंहि अडत्याकडे जातें आणि घरीं ज्वारी राहते. विकावी, अवश्य विकावी. पण घरांतील माणसें मोजून वर्षाची डाळ आधीं बाजूस काढावी आणि मग काटा लावावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. बैलास मात्र ही अडचण नाहीं. त्याच्या पोटांतील जंतु साध्या नत्रापासूनहि सर्व अमिनो आम्लें बनवितात व पुढें तेच जंतु पचून त्याचें प्रथिन होतें.

कोणत्या प्रथिनांत कोणतें आम्ल कोणत्या क्रमानें ओंवावें, हा लेख चौथ्या कुळाकडे, न्यूक्लिक आम्लांकडे असतो. त्यांतील डी. एन. ए. या रेणूची दुहेरी वेणी आहे, असें १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दाखविलें. त्यास रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीनें काढलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. वेणीच्या कडा शर्करा व स्फुरद यांच्या असून मधल्या पायऱ्यांवर नत्रयुक्त अशीं चारच अक्षरें आहेत. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दास एक अमिनो आम्ल, ही लिपि उलगडणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराना हे प्रमुख होते. १९६८ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस इतर दोघांसह मिळालें. खुराना यांचा जन्म पंजाबांतील रायपूर या लहानशा खेड्यांतला व त्यांचे वडील पटवारी होते. सातबारा आणि खातेउतारे लिहिण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास हें वाचून संतोष वाटला, यांत नवल नाहीं. ज्वारीच्या पेशींत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असून एका संचाचा लेख सुमारें ७३ कोटी अक्षरांचा आहे. तो २००९ सालीं वाचून प्रसिद्ध झाला. लेखांतील लहानशा बदलानें केवढा फरक पडतो पहा : १९७३ सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांस इथिओपियांतून आलेल्या दोन वाणांत लायसिन बरेंच अधिक आढळलें. परंतु त्यांचा दाणा सुरकुतलेला व उतार कमी, म्हणून तो गुण सर्वत्र पसरला नाहीं. तेव्हां डाळीची गरज तूर्त टळत नाहीं.

स्फुरदाचें काम वेणीपुरतें नाहीं. पेशींत शक्तीची रोजची देवघेव ज्या नाण्यानें होते त्या ए. टी. पी. नामक रेणूंत स्फुरदाचे तीन गट ओळीनें जोडलेले असतात. हा रेणु १९२९ सालीं शोधणाऱ्यांत भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हें नाणें पाडण्यासाठीं पेशीस प्राणवायु लागतो, आणि प्राणवायु वापरणाऱ्या शेवटच्या विकराच्या गाभ्यांत, वर ध्यानांत ठेवण्यास सांगितलेल्या बैठकीवर, लोहाचा अणु बसलेला असतो.

आतां विषाकडे वळूं. कोवळें ज्वारीचें ताट टायरोसिन या अमिनो आम्लापासून धुरिन नांवाचा एक रेणु तयार करतें. त्यांत कर्ब व नत्र यांची तीन हातांनीं जखडलेली जोडी असून ती ग्लुकोजच्या एका रेणूस बांधून ठेविलेली असते. बांधलेली आहे तोंवर ती निरुपद्रवी. धुरिन पानाच्या वरच्या थराच्या पेशींत एका कप्प्यांत असतें आणि त्यास सोडविणारें विकर आंतल्या पेशींत. जनावरानें पान चावलें कीं पडदे फाटून दोन्हींची गांठ पडते, ग्लुकोज सुटतें व हायड्रोसायनिक आम्ल मोकळें होतें. बैलाच्या पोटांतील जे जंतु एरवीं त्याचे पोशिंदे तेहि या कामीं मदत करतात. हें आम्ल रक्तांतून पेशींत जाऊन त्या लोहाच्या अणूस घट्ट धरतें आणि प्राणवायूचा वापर बंद पडतो. रक्तांत प्राणवायु भरपूर, पण पेशीस तो वापरतां येत नाहीं. म्हणून अशा जनावराचें रक्त नेहमींहून अधिक लालभडक दिसतें. धाप लागणें, झोंकांड्या जाणें, आडवें पडणें, आणि पुष्कळदां घटकेच्या आंत मृत्यु. महसूल खात्यांत असतांना अशा मृत्यूंचे पंचनामे आमच्या वाचण्यांत येत. कारणाच्या जागीं "विषबाधा" एवढाच शब्द असे, आणि विष कोणी घातलें याची चर्चा गांवांत वर्षभर चाले. तें कोणीं घातलेलें नसून उभ्या पिकांतच तयार झालेलें असूं शकतें, हें चावडीवर एकदां सर्वांस समजलें तर कित्येक वैरें टळतील.

धोका केव्हां अधिक? ताट गुडघ्याएवढें होण्यापूर्वीं. पाण्याच्या ताणानें वाढ खुंटली असतां. ताणानंतर पाऊस होऊन नवे फुटवे आले असतां. आणि कापणीनंतर धसकटांस जे हिरवे लुसलुशीत फुटवे येतात त्यांत. नत्राचा मारा असेल तर आणखी अधिक. फुलोरा आल्यावर तें बरेंच उतरतें. पक्व दाण्यांत तें नसल्यासारखेंच असतें, मात्र मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत तें पुन्हां तयार होतें. म्हणून फुलोऱ्यापूर्वीं ज्वारीचें रान चारूं नये, आणि उपाशी जनावर तर त्या बांधावरूनहि नेऊं नये. अर्धवट सुकलेलें ताट निर्धोक समजूं नये; कडकडीत वाळवलेल्या कडब्यांत किंवा नीट मुरलेल्या मुरघासांत विष पुष्कळ कमी झालेलें असतें. जनावर लागलेंच तर पशुवैद्यांस ताबडतोब आणावें. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेंतून दिलें असतां जनावर वांचूं शकतें. त्यांतील दुसऱ्या औषधांतील गंधक त्या विषास चिकटून त्याचें सौम्य द्रव्य होतें व तें मूत्रावाटे जातें.

याच्याशीं घोंटाळा होणारी दुसरी बाधा नायट्रेटची. पिकास यूरिया भरपूर दिला आणि पाण्यानें दगा दिला म्हणजे मुळांनीं घेतलेल्या नायट्रेटास कर्बाचा सांगाडा मिळत नाहीं. तें तसेंच धाटाच्या खालच्या भागांत सांठून राहतें. बैलाच्या पोटांत त्याचें नायट्राइट होऊन तें रक्तांतील लोहास बिघडवितें, आणि रक्त लालभडक न राहतां काळसर तपकिरी दिसतें. येथें सोडियम नायट्राइट देणें म्हणजे आगींत तेल ओतणें. याचें औषध वेगळें आहे. म्हणून पशुवैद्य येतांच रक्ताचा रंग, पिकास किती यूरिया किती दिवसांपूर्वीं दिला, व पाऊस केव्हां पडला, हें सर्व त्यांस न विचारतां सांगावें. आणि हें नायट्रेट वाळवण्यानें जात नाहीं. तशा रानाचा कडबा घालणें भागच असेल तर प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. तोंवर ताट बुडापासून वीतभर वर कापावें, आणि तें थोडथोडें, दुसऱ्या वैरणींत मिसळून, भरल्या पोटीं घालावें.